येतूंदे : एका योरुबा नावाचा अर्थ

विचारणा : बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये 'येतूंदे' या नायजेरियातील मुलींच्या नावाचा अर्थ 'आई परत आली' असा दिलेला असतो. आई समोर असताना ती परत कशी येईल? आणि हे नाव एवढे प्रचलित का आहे?

उत्तर : हे योरुबा भाषेतील नाव म्हणजे एक संपूर्ण वाक्य आहे. 'इया' म्हणजे आई, जोडनावात त्याचे आखूड रूप 'ये'. 'तूं' म्हणजे पुन्हा आणि 'दे' म्हणजे येऊन पोचणे. मात्र ही आई म्हणजे बाळाची जन्मदात्री नव्हे, तर दिवंगत आजी होय. आजीच्या निधनानंतर घरात मुलगी जन्मली की तिच्या रूपाने आजीच परतली, असे मानून हे नाव ठेवले जाते. याद्या शब्दार्थ देतात आणि प्रसंग गाळतात, म्हणून हा घोटाळा होतो.

'आजी पोटी आली' असे आपल्याकडेही म्हणतात, पण आपण आजीचे नाव नातीला देतो. योरुबा कुटुंबात आजीचे नाव काहीही असले तरी नात येतूंदे किंवा त्याच अर्थाची 'इयाबो' होते. आजोबांच्या मागे जन्मलेला मुलगा 'बाबातूंदे', आणि यातल्या 'बाबा'साठी मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही.

प्रचाराबद्दल म्हणाल, तर लाट येऊन ओसरणाऱ्या नावांच्या पंगतीत याला बसवू नये, असे मला वाटते. परंपरेत ते आवडीपेक्षा प्रसंगाने ठरते आणि असा प्रसंग प्रत्येक पिढीत येतोच. म्हणूनच नैऋत्य नायजेरियात ते ख्रिस्ती आणि मुसलमान अशा दोन्ही घरांत आढळते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांनीही ते स्वीकारले. टेनिसपटू व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांची 2003 मध्ये मारली गेलेली थोरली बहीण येतूंदे प्राइस हिच्या नावाने 2016 मध्ये कॉम्प्टन येथे एक साहाय्य केंद्र सुरू झाले.

विचारणा : मग उच्चार 'येटुंडे' करावा की 'येतूंदे'?

उत्तर : 'येतूंदे' अधिक जवळचा. रोमन लिपीतील 'एन' हे अक्षर येथे वेगळे व्यंजन नसून आधीचा स्वर नाकातून उच्चारावा एवढेच सांगते. जुन्या मराठी लेखनातील 'मीं', 'तूं' किंवा कोकणातील बोलींमध्ये अजून ऐकू येणारा अनुनासिक उच्चार आठवावा. तिन्ही अक्षरांवरचा सूर उंच असतो. तो दाखवण्याची सोय मात्र देवनागरीच्या नित्य लेखनात नाही.