मदत हवी आहे: प्राचीन थ्रेसच्या नकाशात सीमा कुठे दाखवू?

इ.स.पू. 431 च्या सुमाराचा, म्हणजे ओड्रिसी या थ्रेसियन टोळीचा राजा सिटाल्केस याच्या काळातला थ्रेसचा नकाशा मराठी नावांसह काढतेय. (भारतीयांनंतर जगातला सर्वात मोठा लोकसमूह थ्रेसियनांचाच, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, म्हणून कुतूहल जरा जास्तच!)

आजचा दक्षिण बल्गेरिया, ईशान्य ग्रीस आणि तुर्कस्तानचा युरोपातला भाग एवढं ठरलंय. हेमस म्हणजे बाल्कन पर्वत, रोडोपी आणि हेब्रस म्हणजे मारित्सा नदी काढून झाली. आंतरजालावरचे बरेच नकाशे पाहिले, पण बहुतेक इ.स. 46 नंतरच्या रोमन प्रांताचे. तो हेमसपाशीच संपतो, त्यामुळे माझ्या कामाचा नाही. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सिटाल्केसचं राज्य एजियन किनाऱ्यावरच्या अब्डेरा शहरापासून डॅन्यूबच्या मुखापर्यंत सांगतो आणि गेटी टोळ्याही त्यातच धरतो.

अडलंय दोन ठिकाणी. पश्चिमेला थ्रेसियन वस्तीची हद्द स्ट्रायमन नदीवर दाखवू की नेस्टोसवर? नेस्टोसची सीमा मला मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्या विजयांनंतरची, म्हणजे नंतरच्या शतकातली वाटते. आणि हेमसच्या उत्तरेचे गेटी राज्याच्याच रंगात घेऊ, की मांडलिक म्हणून तिरप्या रेघांनी वेगळे दाखवू? ग्रीक येत नाही, त्यामुळे मराठी वा इंग्रजी संदर्भच चालतील. कुणी सांगू शकेल का?