लोकसभानिहाय विधानसभा निकाल: खान्देशचा तक्ता जुळेना

तापीथडी
राम राम मंडळी. नोव्हेंबर २०२४ चा विधानसभा निकाल लोकसभा मतदारसंघांप्रमाणे मांडतोय: नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर. दोन ठिकाणी गाडी अडली आहे. तीन जिल्ह्यांच्या जागा मोजल्या की २० होतात, चार लोकसभांच्या मोजल्या की २४. दुसरं म्हणजे, शेजारच्या रकान्यात मे महिन्यातली लोकसभेची मतं टाकली, तर सहा विधानसभा क्षेत्रांची बेरीज उमेदवाराच्या जाहीर मतांपेक्षा कमी भरते. चुकतंय कुठे?

गिरणाकाठ
भाऊ, २० आणि २४ दोन्ही बरोबर. जास्तीच्या चार जागा जिल्ह्याबाहेरच्या आहेत. धुळे लोकसभेत नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव मध्य (११४), मालेगाव बाह्य (११५) आणि बागलाण (११६) येतात, रावेरमध्ये बुलढाण्याची मलकापूर (२१).

विधानसभांचे क्रमांक जिल्ह्याच्या ओळीने लागलेत, लोकसभेच्या नाही. म्हणून "१ ते ६ नंदुरबार" असं ओढत गेलात की फसलात. नीट वाटणी अशी:

नंदुरबार: १ अक्कलकुवा, २ शहादा, ३ नंदुरबार, ४ नवापूर, ५ साक्री, ९ शिरपूर
धुळे: ६ धुळे ग्रामीण, ७ धुळे शहर, ८ शिंदखेडा, ११४, ११५, ११६
जळगाव: १३ ते १८ (जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा)
रावेर: १० चोपडा, ११ रावेर, १२ भुसावळ, १९ जामनेर, २० मुक्ताईनगर, २१ मलकापूर

साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण मत नंदुरबारच्या खासदाराला. ही चूक पेपरवालेही करतात.

याप्रमाणे २४ जागा: भाजप १३, शिवसेना ८, राष्ट्रवादी १ (अमळनेर), काँग्रेस १ (नवापूर), एमआयएम १ (मालेगाव मध्य). फक्त तीन जिल्हे धरले तर २० पैकी १९ महायुतीच्या. दोन्ही आकडे एकाच वाक्यात कालवू नका, तक्त्याच्या डोक्यावर "जिल्हानिहाय" की "लोकसभानिहाय" ते लिहा.

केळीचा_घड
बेरीज कमी येते ती टपाली मतांमुळे. लोकसभेला टपाली मतं विधानसभा क्षेत्रांत वाटली जात नाहीत. ती मतदारसंघाचा निवडणूक निर्णय अधिकारी एकत्र मोजतो. नमुना २० (आयोगाचं अंतिम निकालपत्रक) चे दोन भाग असतात: पहिल्यात त्या क्षेत्राची केंद्रनिहाय यंत्रावरची मतं, दुसऱ्यात सहा क्षेत्रांची बेरीज आणि तिच्याखाली टपाली मतांची वेगळी ओळ. तुम्ही सहा पहिले भाग जोडलेत, ती ओळ राहून गेली.

विधानसभेला उलट. तिथे टपाली मतं त्या जागेच्याच नमुना २० मध्ये शेवटच्या पानावर असतात: आधी यंत्रावरची बेरीज, मग टपाली, मग एकूण. म्हणून मे आणि नोव्हेंबरची तुलना करताना विधानसभेची "एकूण" ओळ घेऊ नका, यंत्राची घ्या. नाहीतर एका बाजूला टपाली आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं होतं.

आणखी तीन गोष्टी:

नोटा वैध मतांत धरत नाहीत. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, तिथे भागाकारातून नोटा काढा. आयोगाच्या निकालाच्या पानावरची टक्केवारी मात्र नोटा धरून असते, त्यामुळे तुमची टक्केवारी दशांशात वेगळी आली तर घाबरू नका.

मॉक पोलची (मतदानाआधी यंत्र तपासायला टाकलेली) मतं पुसायची राहिली, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर अशा यंत्रांवरच्या एकूण मतांपेक्षा मोठं असेल, तर ते मोजत नाहीत. त्या केंद्राची ओळ रिकामी दिसली तर स्वतः आकडा भरू नका.

नमुना २० पुष्कळदा स्कॅन केलेला असतो. मशीनने वाचून घेतला की ३ आणि ८, १ आणि ७ यांची अदलाबदल होते. प्रत्येक ओळीत उमेदवारांची बेरीज "एकूण वैध मतं" या रकान्याशी ताडा. जुळत नसेल ती ओळ लाल करून मूळ पानावरून डोळ्यांनी वाचा. "१,९८,८६९" असा स्वल्पविरामासकट आकडा शीटमध्ये कधी कधी अक्षरं म्हणून बसतो आणि बेरजेत शून्य धरला जातो. ही चूक सगळ्यात उशिरा सापडते.

तापीथडी
टपालीची ओळ सापडली, बेरीज जुळली. आता पक्षनिहाय "मे ते नोव्हेंबर बदल" असा रकाना ठेवू का?

गिरणाकाठ
ठेवा, पण धुळ्यात तो रकाना काय करतो ते आधी बघा. लोकसभेला शोभा बच्छाव (काँग्रेस) ५,८३,८६६ आणि सुभाष भामरे (भाजप) ५,८०,०३५, फरक ३,८३१. एकट्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसला १,९८,८६९ आणि भाजपला ४,५४२. म्हणजे उरलेली पाच क्षेत्रं आणि टपाल मिळून भामरे १,९०,४९६ ने पुढे होते, आणि तरी हरले. विधानसभेला त्या पाचही जागा महायुतीला गेल्या. "सहा महिन्यांत वारं फिरलं" असं लिहायच्या आधी ही वजाबाकी करा. धुळ्यात वारं फार फिरलंच नाही, असं माझं मत.

मालेगाव मध्यमध्ये तर पक्षाचा रकाना पार निकामी. नोव्हेंबरला मुफ्ती इस्माईल (एमआयएम) १,०९,६५३ आणि आसिफ शेख १,०९,४९१, फरक १६२. पहिल्या दोघांत काँग्रेस नाहीच. मतदार तोच, रकाना बदलला.

अक्राणीचा_वाटसरू
नंदुरबारातही तेच. हिना गावित मे महिन्यात भाजपच्या, नोव्हेंबरला अक्कलकुव्यात अपक्ष. त्यांची मतं "भाजपची घट" म्हणून मोजणार का? तिथे आमश्या पाडवी (शिवसेना) ७२,६२९, के. सी. पाडवी (काँग्रेस) ६९,७२५. विजेता पाडवी, दुसराही पाडवी, त्यामुळे आडनावावर शोधसूत्र लावलं की पहिलाच सापडलेला पाडवी उचलून येतो. जोडणी नेहमी क्षेत्र क्रमांक आणि उमेदवाराचा अनुक्रमांक मिळून करायची.

२०१९ लावणार असाल तर अजून सांभाळून. तेव्हा शिवसेना एक होती, राष्ट्रवादी एक होती. मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील आणि साक्रीच्या मंजुळा गावित तेव्हा अपक्ष निवडून आले, आता शिवसेना. उमेदवाराचा वेगळा रकाना ठेवा, पक्ष त्याच्यापुढे त्या-त्या वर्षाचा. २००९ च्या मागे जाऊच नका: २००४ ला रावेर नावाची लोकसभा नव्हती, एरंडोल होती, आणि विधानसभांच्या हद्दीही निराळ्या.

केंद्रनिहाय उतरायचं असेल तर केंद्र क्रमांकावर भरवसा नको. दोन निवडणुकांच्या मधे केंद्रांची फेररचना होते, एक केंद्र वाढलं की खालचे सगळे क्रमांक सरकतात. गाव आणि शाळेच्या नावाने जुळवा, खोली क्रमांकासकट.