प्रकाश संपला तरी वायू संपत नाही
बटू दीर्घिका (कमी ताऱ्यांची छोटी आकाशगंगा) फोटोत दिसते तेवढीच असते, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एनजीसी ३७४१ ही अशीच एक बटू दीर्घिका घ्या. जड मूलद्रव्यं कमी, तारे जेमतेम. पण २००५ साली पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिची हायड्रोजनची तबकडी दृश्य त्रिज्येच्या ८ पटींहून लांब पसरलेली निघाली! ती फिरतेय, म्हणूनच वेग मोजून कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचा) अंदाज बांधता आला.

इथे ३० अँटेनांची मांडणी कामी येते: १४ मधोमध दाटीने, बाकीच्या तीन फाट्यांवर दूरवर. जवळच्या अँटेनांच्या जोड्या पसरट वायू पकडतात, लांबच्या बारकावे. नारायणगावकडून जाताना त्या ४५ मीटरच्या तबकड्यांच्या तारेच्या जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. हायड्रोजनकडून येणाऱ्या २१ सेंमीच्या रेडिओ लहरींना मात्र तीच जाळी आरसा असते.