डीकम्प्रेशन सिकनेसवर उपचार झाल्यानंतरही पायातील मुंग्या जात नाहीत, पुढे काय करावे?

प्रतापनगरकर:

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नागपूरच्या मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतो. मार्च महिन्यात तो मित्रांबरोबर अंदमानला गेला होता आणि स्वराज द्वीपावर त्याने स्कूबा डायव्हिंगच्या पुढच्या टप्प्याचा अभ्यासक्रम केला. लागोपाठ काही दिवस रोज एकापेक्षा अधिक डाइव्ह झाल्या आणि त्यांपैकी शेवटची सुमारे 30 मीटर खोलीची होती. ती संपवून वर आल्यानंतर तासाभरातच त्याला पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटू लागले, डाव्या पायात मुंग्या आल्या आणि धक्क्याच्या पायऱ्या चढताना पाय उचलेना. सोबतच्या प्रशिक्षकांनी लगेच ऑक्सिजन दिला आणि त्याला पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात नेले. हा डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे खोल पाण्यातून वर आल्यावर शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार, असल्याचे तेथे कळले. तेथील वाढीव दाबाच्या चेंबरमधील (बंद कक्षातील) पहिल्याच उपचारानंतर तो स्वतःच्या पायाने चालू लागला, पुढे आणखी काही सत्रे झाली. इतक्यात विमानप्रवास नको, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे तो जहाजाने चेन्नईला आणि तेथून रेल्वेने नागपूरला आला.

आता घरी येऊन काही आठवडे झाले आहेत. चालणे बरेच सुधारले असले तरी डाव्या पोटरीपासून तळव्यापर्यंत बधिरपणा आहे, संध्याकाळी पाय जड होतो आणि थकवा तर विचारूच नका. येथे मणक्याचा एमआरआय काढला, त्यात काहीही दोष निघाला नाही. त्यामुळे नातेवाइकांपैकी काहींनी 'हे सगळे मनाचे आहे' असा निकालही देऊन टाकला आहे. शहरातील एका खासगी केंद्राने हायपरबेरिक ऑक्सिजनच्या (चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या) मोठ्या पॅकेजचा आग्रह धरला असून त्याचा खर्च आम्हाला झेपण्यासारखा नाही. वडील रोज रात्री तेलाने मालीश करून गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. भावाला पुन्हा दुचाकीवर ऑफिसला जायचे आहे, मे महिन्यात सर्वांबरोबर चिखलदऱ्याला यायचे आहे आणि पुढच्या हंगामात पुन्हा पाण्यातही उतरायचे आहे. यांतील काय योग्य आणि काय अयोग्य, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दाबकक्ष:

ताई, मी नौदलाच्या वैद्यकीय सेवेत पाणबुड्यांच्या आजारांवर काम केले असून निवृत्तीनंतर नागपुरात राहतो. रुग्णाला तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर केवळ दिशा म्हणून वाचावा.

प्रथम एमआरआयविषयी. हा आजार लक्षणांवरून आणि हाताने केलेल्या मज्जासंस्थेच्या तपासणीवरून ओळखला जातो. मज्जारज्जूला इजा झालेली असतानाही एमआरआय स्वच्छ येऊ शकतो, म्हणून त्या अहवालाच्या आधारे कोणी आपल्या भावाला वेडगळ ठरवत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. पोटाभोवती पट्टा आवळल्याची जाणीव आणि त्यानंतर पायातील अशक्तपणा, हा क्रम मज्जारज्जूकडेच बोट दाखवतो.

दुसरी गोष्ट अशी की, चेंबरमध्ये उपचार झाल्यावर सगळे तत्काळ पूर्ववत व्हायला हवे, हा समज बरोबर नाही. खोल पाण्यात दाब वाढला की श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो; 30 मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. वर येताना तो वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडण्याइतका अवधी मिळाला नाही तर त्याचे बुडबुडे होतात. चेंबरमध्ये साधारणपणे 18 मीटर खोलीइतका, म्हणजे 2.8 वातावरणांचा, दाब देऊन शुद्ध ऑक्सिजन दिला जातो, मधून मधून पाच मिनिटे साधी हवा दिली जाते आणि हा पूर्ण उपचार पावणेपाच तासांचा असतो. त्याने बुडबुडे लहान होऊन विरतात आणि ऑक्सिजन न पोहोचलेल्या भागाला तो पोहोचतो. परंतु बुडबुड्यांनी तोपर्यंत रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला केलेली इजा, त्यातून आलेली सूज आणि मज्जातंतूंचे नुकसान मागे राहते. ते भरून यायला आठवडे, कधी कधी अनेक महिने लागतात. तेव्हा आज भावाच्या पायात बुडबुडे अडकून बसले आहेत, असे समजू नये. इजा झालेला भाग सावकाश दुरुस्त होत आहे, असे समजावे.

पॅकेजचा निर्णयही याच मुद्द्यावर घ्यावा. मुख्य उपचारानंतर लक्षणे उरली असतील तर पुढची सत्रे जरूर द्यावीत आणि लागोपाठच्या दोन सत्रांत टिकाऊ सुधारणा दिसली नाही की थांबावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. पोर्ट ब्लेअरला त्याच टप्प्यावर उपचार थांबवले असतील, तर आता इतक्या आठवड्यांनंतर सत्रांचा मोठा गठ्ठा विकत घेऊन फारसे काही साधेल असे मला वाटत नाही. त्यांच्या कागदपत्रांत शेवटच्या सत्रापर्यंत सुधारणा होत होती अशी नोंद असेल, तर मात्र असा ऑक्सिजन केवळ मधुमेही पायाच्या जखमांसाठी देणाऱ्याकडे न जाता पाणबुड्यांवर उपचार केलेल्या तज्ज्ञाकडे ते कागद दाखवावेत. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी येथे या विषयाचा मोठा अनुभव आहे. आणखी एक सांगतो: कापडी किंवा प्लास्टिकच्या मऊ चेंबरमध्ये मिळणारा दाब या आजारावरील उपचारासाठी पुरेसा नसतो, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

गरम पाण्याची पिशवी मात्र आजच बंद करावी. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि झोपेत भाजलेला पाय सकाळी फोड आल्यावरच लक्षात येतो. नागपूरच्या एप्रिलमध्ये तर अनवाणी गच्चीवर वाळवण पाहायला जाणे, उन्हात तापलेल्या फरशीवर उभे राहणे किंवा पायानेच बादलीतील पाणी अजमावणे हेही तितकेच धोक्याचे आहे. पाणी हाताने पाहावे, घरातही चप्पल घालावी आणि रात्री तळवे दिव्याखाली बघावेत. हलक्या हाताच्या मालीशीने अपाय नाही, पण आजार त्याने बरा होईल अशीही अपेक्षा ठेवू नये.

आता मला आपल्याकडून एक माहिती हवी आहे, जी रुग्ण बहुधा आपणहून देत नाहीत आणि बहिणीला तर मुळीच देत नाहीत. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, धार बारीक झाली आहे का, मूत्राशय पूर्ण रिकामे झाल्यासारखे वाटते का आणि बद्धकोष्ठता नव्याने सुरू झाली आहे का, हे त्याला एकट्यात, शक्यतो वडिलांनी विचारावे. मज्जारज्जूच्या इजेत पाय सुधारत असतानाही मूत्राशय मागे राहू शकते.

जुना_स्थापत्य:

डॉक्टरसाहेबांनी सर्व सांगितलेच आहे; मी केवळ वेगळ्या बाजूने थोडी भर घालतो. पुलांच्या पायाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे हा आजार मला कॅसनचा आजार म्हणून ठाऊक आहे. पाण्याखाली कॅसन नावाच्या पेटीत, दाबलेल्या हवेत खणणाऱ्या मजुरांना तो होत असे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग 1872 मध्ये त्याने अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनी त्यांच्या सूचना कामावर पोहोचवत 1883 मध्ये पूल पुरा होईपर्यंत धुरा सांभाळली. त्या काळी पुन्हा दाब देऊन उपचार करण्याची सोय कामावर नव्हती. तरीही रोबलिंग पुढे 1926 पर्यंत जगले, हे 'आता पोराचे कसे होणार' म्हणून रडणाऱ्या नातेवाइकांना जरूर सांगावे.

आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे दाबाखाली काम केलेल्यांच्या खांद्याच्या आणि खुब्याच्या हाडांची टोके मरतात, म्हणून त्यांच्या सांध्यांच्या वेळोवेळी तपासण्या होत असत. हौशी डायव्हरमध्ये ते क्वचितच आढळते. मात्र काही महिन्यांनी खांदा किंवा खुबा दुखू लागला तर 'वयाचे दुखणे' म्हणून सोडून न देता हाडांच्या डॉक्टरांना पूर्वेतिहास सांगावा, एवढेच.

खोलपाणी:

मीही नागपूरचाच असून हा आजार भोगून बाहेर पडलेला आहे. माझी लक्षणे खांद्यापुरती होती, म्हणजे आपल्या भावाच्या मानाने सौम्य. तरीही थकव्याबद्दल त्याने सांगितलेले अगदी खरे आहे. सकाळी उत्साहाने कामाला बसावे आणि दुपारी जेवणानंतर डोळे उघडे ठेवणे अशक्य व्हावे, असे बराच काळ चालले. ऑफिसला जाताना पहिल्या आठवड्यांत अर्धा दिवस मागून घ्यावा. माझ्या बाबतीत तोच निर्णय सर्वांत उपयोगी ठरला.

दुचाकीविषयी सांगायचे तर, मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने टाकतात आणि बधिर पायाला गिअर पडला की नाही हे कळत नाही. बिनगिअरची गाडी घेतली तरी सिग्नलला जड पाय टेकवून तोल सांभाळावाच लागतो. वर्धा रोडच्या वाहतुकीत हा प्रयोग नको. मिहानपर्यंत मेट्रोने जावे.

डायव्हिंगच्या मंडळींत एक वाईट खोड आहे. कोणाला हा आजार झाला की 'याने नक्कीच नियम मोडला असणार' असे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात खोलीचा आणि वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटरची मर्यादा पाळूनही हा आजार होऊ शकतो, कारण ते यंत्र गणित सांगते, विशिष्ट माणसाचे शरीर ओळखत नाही. या आरोपामुळे अनेक जण लक्षणे लपवतात, उपचाराला उशीर करतात आणि बरे होण्याआधीच बरे झालो असे सांगतात. आपल्या भावाला पुन्हा पाण्यात उतरायची घाई झाली आहे, त्यामागेही मला तेच दिसते. माझे मत विचाराल तर, पाय पूर्ण बरा झाल्याशिवाय हा विषय घरात काढूच देऊ नये.

प्रतापनगरकर:

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपण विचारलेली गोष्ट खरी निघाली. वडिलांनी विचारल्यावर भावाने सांगितले की, पोर्ट ब्लेअरहून निघाल्यापासून त्याला लघवीसाठी बराच वेळ उभे राहावे लागते आणि पुन्हा पुन्हा जावे लागते. पुन्हा पुन्हा जावे लागू नये म्हणून तो दिवसभर पाणीही कमी पीत होता. धंतोलीतील ज्या न्यूरोफिजिशियनकडे आम्ही गेलो, त्यांनी लघवीपूर्वी आणि लघवीनंतर सोनोग्राफी करायला सांगितली. लघवीनंतरही मूत्राशयात बरीच लघवी शिल्लक राहते असे त्यात दिसले, म्हणून उद्या मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. पॅकेज घेतले नाही. गरम पाण्याची पिशवी कपाटात गेली.

फिजिओथेरपी सुरू केली आहे. फिजिओथेरपिस्टनी त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे टेकवून, हात छातीशी दुमडून, डोळे मिटून उभे केले आणि घड्याळ लावले. तो मिनिटभर टिकायला हवा होता, पण फारच लवकर कलला आणि स्वतःच चकित झाला, कारण डोळे उघडे असताना त्याला काहीच जाणवत नव्हते. आता ही चाचणी दर आठवड्याला करून वहीत लिहायची आहे. चिखलदऱ्याचा आणि डायव्हिंगचा प्रश्न मात्र राहिलाच.

दाबकक्ष:

वेळेत सांगितले, हे फार चांगले झाले. मूत्राशयात लघवी साचून राहिली तर संसर्ग होतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. त्यावर उपाय आहेत आणि पुष्कळ रुग्णांत ही अडचण हळूहळू कमीही होते. पाणी किती प्यावे हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे, पण या उन्हात पाणी तोडणे हा मार्ग नव्हे. ताप, थंडी, लघवी पूर्ण अडणे किंवा पायातील शक्ती पुन्हा कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर रात्रीसुद्धा थांबू नये.

उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे होणारा धोका उपचारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो. अमेरिकी नौदलाच्या पद्धतीनुसार उपचारानंतर किमान 72 तास विमानप्रवास टाळतात आणि लक्षणे उरली असतील तर त्याहून अधिक सावधगिरी बाळगतात. जहाजाने येण्याचा सल्ला त्यामुळेच दिला गेला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे, तर उडत्या विमानाच्या केबिनमधील दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीइतका असू शकतो. आता इतक्या आठवड्यांनंतर घाट चढल्यामुळे बुडबुडे नव्याने होतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. भावाने यावे की नाही, हे त्याच्या मूत्राशयाच्या आणि तोलाच्या स्थितीवर ठरवावे. पंचबोलच्या कड्याशी अंधारात फिरायला मात्र त्याला नेऊ नये, कारण अंधारात तोल सांभाळायला डोळ्यांची मदत मिळत नाही.

डायव्हिंगबाबत मी स्पष्टच लिहितो. सौम्य आजारातही सर्व लक्षणे गेल्यानंतर काही आठवडे थांबण्याची प्रथा आहे. मज्जासंस्थेला इजा झाली असेल तर हा काळ अधिक असतो आणि बधिरपणा किंवा मूत्राशयाची तक्रार उरली असेल तर पाण्यात उतरण्याची परवानगी कोणताही जबाबदार तज्ज्ञ देणार नाही. आधी एकदा इजा झालेल्या मज्जारज्जूत राखीव क्षमता कमी उरलेली असते. दुसऱ्यांदा तीच इजा झाली तर भरून येण्याची शक्यता घटते.

पुढच्या हंगामापर्यंत सर्व काही पूर्ववत झालेच, तर त्यापूर्वी हृदयाची एक विशिष्ट तपासणी करून घ्यावी. सुमारे दर चार प्रौढांमागे एकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मापूर्वीची झडप पूर्ण मिटलेली नसते. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण डायव्हरच्या शिरांमधील बुडबुडे तेथून थेट धमन्यांत जाऊन मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे पोहोचू शकतात. साध्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हे बहुधा दिसत नाही. म्हणून केंद्रात वेळ घेतानाच 'बबल कॉन्ट्रास्ट इको' असे नाव सांगावे. त्यात सलाईन हवेबरोबर घुसळून हाताच्या शिरेतून देतात आणि रुग्णाला श्वास रोखून जोर द्यायला सांगून पुन्हा चित्र घेतात. जोर देऊन घेतलेले चित्र अहवालात नसेल, तर ते पुन्हा घ्यायला सांगावे.