जुनी बीएस-6 डिझेल पिकअप घ्यावी का? डीपीएफचा दिवा लागतो आणि विक्रेता म्हणतो, सेन्सरचा दोष आहे

ओतूर_शिवार (प्रश्न)

नमस्कार. जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ आमची शेती असून टोमॅटो, कांदा आणि थोडा भाजीपाला असा माल असतो. आजवर तो भाड्याच्या गाडीने नारायणगावच्या बाजारात जात आला. परंतु हंगामात ज्या दिवशी आपल्याला गाडी हवी असते त्याच दिवशी ती सगळ्या गावाला हवी असते, आणि तोडलेला टोमॅटो कोणासाठी थांबत नाही, म्हणून स्वतःची पिकअप घ्यावी असे घरात ठरले आहे. नवी गाडी घेण्याइतके कर्ज काढण्याची इच्छा नाही.

एक गाडी पाहिली आहे. 2021 सालची, बीएस-6 (धुराच्या नव्या मानकाची) डिझेल, 1.3 टन क्षमतेची, मीटरवर 92,000 किलोमीटर. सध्याचा मालक दुसरा असून मागणी 5,80,000 रुपयांची आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न या एका गाडीविषयी आहे. चालवून पाहताना इंजिनचा आवाज चांगला वाटला, गिअर नीट पडत होते, परंतु वाटेत डीपीएफचा पिवळा दिवा लागला आणि शेवटपर्यंत गेला नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की तो केवळ सेन्सरचा दोष आहे आणि सौदा ठरल्यास त्याच्या ओळखीचा माणूस "सॉफ्टवेअर करून" देईल, म्हणजे पुन्हा दिवा लागणार नाही. आमच्या गावचे मेस्त्री मात्र बीएस-6 च्या नादी लागूच नका, 2018-19 ची बीएस-4 पाहा, असे सांगतात.

आमचा वापर बहुतांशी जवळचा आहे: शेतातून घरी, घरून नारायणगाव, मध्येच पशुखाद्य किंवा खते आणणे. भाव पाहून कधी माळशेजमार्गे कल्याण किंवा वाशीला जाणे होईल. भावाकडे मोटारीचा साधा परवाना आहे, तो चालेल का, हेही कळल्यास बरे होईल.

नोझलवाला (उत्तर)

डिझेल पंप आणि नोझलच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी त्या दिव्याविषयी. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातली काजळी अडवणारी जाळी. ती काजळीने भरत आली की संगणक जास्तीचे डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात. ती पूर्ण होण्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. महामार्गावर माल वाहणाऱ्या गाडीत हे आपोआप होते आणि चालकाला पत्ताही लागत नाही. परंतु शेत ते घर, घर ते बाजार अशा फेऱ्यांत इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तुटते. अशा अर्धवट प्रयत्नांतले न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. म्हणून डिपस्टिक काढून पाहा: ऑइल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ही गाडी बराच काळ अशा आवर्तात फिरलेली आहे आणि तिच्या बेअरिंगांना पातळ ऑइलवर दिवस काढावे लागले आहेत. माझ्या लेखी तो दिव्यापेक्षा मोठा दोष आहे.

सेन्सरचा दोष असू शकतो, नाही असे नाही. जाळीच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या तडकतात आणि चुकीचा दाब दाखवतात. पण ते स्कॅनर लावून ठरते, विक्रेत्याच्या सांगण्यावरून ठरत नाही. त्या कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा चांगला स्कॅनर असलेल्या माणसाकडे गाडी नेऊन जाळीत काजळी किती आहे, शेवटचे पूर्ण रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झाले, अर्धवट किती राहिले आणि संगणकातले किलोमीटर मीटरशी जुळतात का, हे छापून घ्या. काजळी जळते, राख जळत नाही. राख ऑइलमधून येते, आणि आधीच्या मालकाने कमी राखेचे, म्हणजे डीपीएफसाठी सांगितलेले ऑइल न टाकता जे स्वस्त मिळेल ते टाकले असेल, तर जाळी वेळेआधीच राखेने भरते. मग सक्तीच्या रीजनरेशननेही ती मोकळी होत नाही. उतरवून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते.

आता "सॉफ्टवेअर करून देतो" याचा अर्थ स्पष्ट लिहितो. बहुतेक वेळा याचा अर्थ जाळी आतून फोडून टाकायची आणि संगणकाला ती आहेच असे खोटे सांगायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी पुढे पासिंगला, विम्याच्या दाव्याला आणि गाडी विकताना तो तुमच्या गळ्यात येतो. हे काम आधीच झालेले नाही ना, हे ओळखण्याची सोपी रीत आहे: सायलेन्सर थंड असताना टोकाच्या नळीत आतून पांढरे फडके फिरवा. जाळी शाबूत असेल तर फडके जवळपास स्वच्छ निघते. काळे कुट्ट निघाले तर जाळी फुटलेली आहे किंवा काढलेली आहे.

इंजिन रात्रभर बंद असताना सकाळी स्वतः जाऊन सुरू करा. तुम्ही पोचण्याआधीच विक्रेत्याने ते तापवून ठेवले असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. सुरू झाल्यावर पांढरा धूर रेंगाळणे, ऑइलचे झाकण उघडल्यावर तिथून जोराने वाफ येणे आणि निळसर धूर या तिन्ही गोष्टी खर्चाच्या आहेत. चारही इंजेक्टरांची परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्या. एखादाच जास्त डिझेल परत सोडत असेल तर तो संपत आला आहे. गाडी शेतकऱ्याकडची असल्यास डिझेल ड्रममध्ये साठवून भरत होते का, हेही सहज बोलता बोलता विचारा. ड्रममधल्या पाण्याने कॉमन रेलचे (मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या पद्धतीचे) जितके इंजेक्टर गेलेले मी पाहिले आहेत तितके दुसऱ्या कशाने गेलेले पाहिले नाहीत.

शेवटी गाडीखाली शिरा. 1.3 टन म्हणजे 20 किलोचे 65 क्रेट, तेही क्रेटचे स्वतःचे वजन सोडून. प्रत्यक्षात 100 क्रेट भरलेली गाडी तुम्ही नारायणगावात पाहिलीच असेल. कमान पाटे वाढवलेले असतील, चासीवर पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंग किंवा ताजा रंग असेल, मागच्या आसाच्या हाउसिंगवर (कवचावर) जोड दिसत असेल, तर मीटर काहीही म्हणो, ती गाडी तिच्या वयापेक्षा म्हातारी आहे.

भाडे_बरे (उत्तर)

वरचे सगळे मान्य आहे, तरी माझे मत वेगळे आहे. तुमच्या वापराच्या वर्णनातच उत्तर आहे. ज्या कारणाने त्या गाडीचा दिवा लागला असावा, अगदी तसाच तुमचा वापर आहे. जाळी साफ करून घेतली तरी पुढच्या हंगामात ती पुन्हा भरेल. टोमॅटोचा हंगाम सोडून उरलेल्या महिन्यांत गाडीला काम काय, याचा हिशेब कागदावर मांडा. गावात दूध संकलनाचे किंवा मंडपवाल्याचे कायमचे भाडे मिळणार असेल तर गाडी पोसली जाते. तसे नसेल तर विमा, पासिंग, टायर आणि बॅटरी उभ्या गाडीलाही लागतातच. हंगामापुरता एखाद्या गाडीवाल्याशी आगाऊ ठराव केला, अगदी भाव थोडा जास्त देऊन केला, तरी तो स्वस्त पडेल असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. नव्या गाडीच्या किमती त्यामुळे उतरल्या, पण जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या डोक्यात अजून आधीचेच भाव आहेत. 5,80,000 ही मागणी ठरवताना नव्या गाडीचे आजचे कोटेशन हातात ठेवा, गेल्या वर्षीचे नव्हे.

कागदपत्रे_आधी (उत्तर)

इंजिनाविषयी मला काही कळत नाही, म्हणून कागदांपुरते लिहितो.

परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी घटनापीठाने दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती 7,500 किलोपेक्षा कमी वजनाच्या वर्गातील मालवाहू गाडीही चालवू शकते, त्यासाठी वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. तेव्हा भाऊ ही पिकअप चालवू शकतील. आरसीवर एकूण भारासह वजन पाहून घ्या. ते 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचे परमिट लागत नाही, त्याहून जास्त असेल तर लागते.

दुसऱ्या मालकाची गाडी आहे म्हणता, तर आरसीवर आज नाव कोणाचे आहे ते आधी पाहा. सह्या करून ठेवलेले कोरे फॉर्म दाखवून मध्यस्थच मालक असल्यासारखे बोलतो, हे नेहमीचे आहे. ज्याचे नाव आरसीवर आहे त्याच्याशी समोरासमोर बोलणे झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 त्याच्याच सहीचे हवेत, आणि बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र हवे. कर्ज फिटल्याचे तोंडी सांगणे पुरेसे नाही, बोजा नोंदीतून उतरलेला दिसला पाहिजे. ई-चलनांची थकबाकीही पाहा, विशेषतः जादा भाराची. तिच्यावरून गाडी कशी वापरली गेली हेही कळते.

विमा तुमच्या नावावर होण्यासाठी हस्तांतरणापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तसे केले नाही तर अपघातात गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाची नो-क्लेम सवलत त्याच्याकडेच राहते, ती हप्त्यात धरू नका.

मेस्त्रींच्या सल्ल्याप्रमाणे 2018 ची गाडी घेतली तर मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते, शिवाय आठ वर्षांनंतर पर्यावरण कर आहे. 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्यास उच्च सुरक्षा नंबरपट्टी बसवलेली आहे का तेही तपासा.

ओतूर_शिवार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी पुन्हा पाहून आलो. विक्रेता स्कॅनरला तयार नव्हता. तपासणीचे पैसे मी देईन असे सांगितल्यावर तयार झाला. जाळीतील काजळी मर्यादेच्या बरीच वर निघाली, अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनची यादी लांब आहे, आणि ऑइल खुणेच्या वर आहे. सेन्सरमध्ये दोष निघाला नाही. फडके मात्र जवळपास स्वच्छ निघाले, म्हणजे जाळी आहे. इंजेक्टर ठीक आहेत. खाली पाहिले तर दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा आहे, वेल्डिंग नाही. आरसीवर नाव विक्रेत्याचेच आहे, बोजा उतरलेला आहे. आता तो 5,20,000 पर्यंत आला आहे.

नोझलवाला

जाळी शाबूत, कागद स्वच्छ आणि चासीला जोड नाही, म्हणजे गाडी फसवी नाही; तिचा वापर चुकला आहे. तरीही मी ही गाडी तुमच्यासाठी घेणार नाही. वाशी किंवा कल्याणच्या नियमित फेऱ्या असत्या तर जाळी साफ करून, ऑइल आणि फिल्टर बदलून, भाव आणखी उतरवून घ्या असे सांगितले असते, कारण तेवढ्या लांबच्या सलग फेरीत रीजनरेशनला हवी तेवढी उष्णता मिळते. तुमच्या फेऱ्या तशा नाहीत. ऑइल किती काळ पातळ होते हे कोणताही स्कॅनर सांगत नाही, आणि 60,000 रुपये कमी झाले म्हणून बेअरिंगांची झीज भरून येत नाही.

तरी घ्यायचीच असेल तर जाळी बदलावी लागल्यास तिचा भाव भागाच्या क्रमांकासह सेवाकेंद्राकडून लेखी घ्या आणि तो आकडा आजच्या किमतीतून वजा करून बोला. विक्रेता तेवढा उतरायला तयार नसेल तर सौदा सोडा. घेतल्यावर आठवड्यातून एकदा तरी आळेफाट्याहून महामार्गाने अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि रीजनरेशन सुरू असताना किल्ली फिरवून उतरू नका. थांबल्यावर पंखा जोरात फिरत असेल आणि आयडलिंग नेहमीपेक्षा वर असेल तर काम चालू आहे असे समजा.

तुमच्या मेस्त्रींचा सल्ला निम्मा बरोबर आहे. या वर्गातल्या बीएस-4 गाड्यांत ही जाळी नाही, म्हणून जवळच्या फेऱ्यांना त्या सोसतात. पण त्यांतही कॉमन रेल आहे, टर्बो आहे, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आहे, आणि आज बाजारात आलेली 2018 ची गाडी बहुधा दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली असते. बीएस-4 म्हणून डोळे मिटून घेऊ नका. थंड इंजिन, ब्लोबाय (ऑइलच्या झाकणातून येणारी वाफ), परतीचे डिझेल आणि चासी ही तपासणी तिलाही तशीच लागू आहे.

ओतूर_शिवार

भाव आणखी उतरवण्यास विक्रेता तयार नाही, म्हणून ही गाडी सोडली. संगमनेरकडे 2019 ची एका दूध संकलनवाल्याची बीएस-4 आहे असे कळले आहे, मीटरवर 1,40,000 च्या आसपास. दूध संकलनाची गाडी रोज पहाटे थंड इंजिनाने निघते आणि ठिकठिकाणी थांबत जाते. तिच्यात विशेष काय पाहावे?

नोझलवाला

क्लच आणि स्टार्टर. दिवसभर थांबत-सुटत चाललेल्या गाडीची क्लच प्लेट लवकर जाते, म्हणून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाब देऊन पाहा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर प्लेट संपली आहे. पुढचे ब्रेक उघडून डिस्क पाहा. कॅनमधून सांडलेल्या दुधाने आणि धुण्याच्या पाण्याने हौद्याचा पत्रा खालून गंजतो, तेव्हा वरचा नवा रंग पाहू नका, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या पेचकसाने टोचून पाहा. गाडी पहाटे निघते म्हणता, तर पहाटेच जा, म्हणजे थंड इंजिन आयतेच मिळेल.