झाड पन्नाशीचं, अंगण माझं. मग खर्च कुणाचा?

अंगणकर
आमच्या अंगणातला आंबा आजोबांनी लावलेला, आज बासष्ट वर्षांचा. २०२१ साली राज्याने १९७५ च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरलं. आनंद आहे. पण गेल्या आषाढात त्याची फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर पडली, तेव्हा पत्रे आम्हीच बदलले. छाटणीच्या परवानगीसाठी चार हेलपाटे झाले. उद्या झाड काढायची वेळ आली तर जितकं वय तितकी रोपं, म्हणजे बासष्ट, तीही सहा ते आठ फुटांची, लावून सात वर्षं जगवायची. साडेतीन गुंठ्यांत? वारसा सगळ्या गावाचा असेल तर भार एकट्या मालकावर का?

पारावरची
रोपं स्वतःच्याच अंगणात लावा असं बंधन नाही. लावणं शक्य नसेल तर झाडाच्या मूल्याइतकी भरपाई भरायची सोय आहे. आणि अट कडक आहे म्हणूनच धाक आहे. आमच्या गल्लीत वाड्याचा पुनर्विकास ठरला आणि महिन्याभरात मागच्या चिंचेची साल बुंध्याभोवती सोललेली दिसली. झाड उभ्यानं वाळलं. त्या सावलीत चार घरांची पोरं वाढली होती, त्यांना कुणी विचारलं? परवानगीच्या वाटेनं गेलं असतं तर झाडावर नोटीस लागली असती, आम्हाला हरकत घेता आली असती. सातबारा मालकाचा असतो, सावली नसते.

अंगणकर
चिंचेचं वाचून वाईट वाटलं. पण साल सोलणारा आणि माझ्यासारखा, दोघांना एकच नियम आहे. सोलणारा सुटला, अर्ज करणारा अडकला.

माळीबुवा
तीस वर्षं बागकाम करतोय, म्हणून बोलतो. वयाची रेघ मारली की झाड अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासाचं असतानाच लोक कुऱ्हाड काढतात. शिवाय नुसत्या वयानं वड आणि गुलमोहर एकाच पंगतीला बसतात. गुलमोहर मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, पन्नाशीत बहुधा आतून पोकळ. वड त्या वयात कुठे पारंब्या टेकवायला लागतो. जात बघा, बुंध्याचा घेर बघा, ढोलीत कोण राहतंय ते बघा.

पारावरची
जातीचा मुद्दा मान्य. पण पळवाट ठेवली की सगळेच गुलमोहर ‘पोकळ’ निघतील. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, सुमारे चारशे वर्षांचा म्हणतात तो वड आठवा. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी तो जाणार होता. लोक उभे राहिले, रस्त्याची आखणी बदलली. तो रस्त्यावर होता म्हणून सगळ्यांना दिसला. कुंपणाआडच्या झाडामागे कायद्याशिवाय कोण उभं राहणार?

अंगणकर
मीच उभा राहीन, फक्त एकटा नको. मुंबईत वारसा यादीतल्या वास्तूमुळे बांधकाम अडलं तर मालकाला टीडीआर, म्हणजे अडलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, मिळू शकतो. झाडाच्या मालकाला घरपट्टीत सूट द्या, वर्षाआड पालिकेच्या खर्चाने जाणत्या माणसाकडून छाटणी करून द्या. मग बघा, पन्नाशी जवळ आली की लोक कुऱ्हाड लपवतील.

पारावरची
घरपट्टीतल्या सुटीला माझाही पाठिंबा. पण सूट घेतल्यावर झाड वाळलं तर घेतलेली सगळी सूट व्याजासकट परत, हे लिहून द्याल?

अंगणकर
रोगानं किंवा वादळानं गेलं नसेल, तर देईन.