लेस्टर डेंट: 'केनेथ रॉबसन' नावाखाली नेमकं त्याचं किती?

जुनी_पानं: अमेरिकन मासिकांसाठी लिहिणाऱ्या डेंटची लेखनसूची करतेय. 'रॉबसन' नावाने कादंबऱ्या छापणाऱ्या 'डॉक सॅव्हेज' या साहसमासिकाचे 1933 ते 1949 मधले 181 अंक सरसकट त्याच्या नावावर टाकले तर चालेल का? आणि कथानक रचण्याचा त्याचा तो चार भागांचा प्रसिद्ध आराखडा याच कादंबऱ्यांचा ना?

वाळवी: नाही चालणार. 'रॉबसन' हे प्रकाशकाच्या, म्हणजे स्ट्रीट अँड स्मिथच्या मालकीचं नाव. बहुतेक कादंबऱ्या डेंटच्याच, पण हॅरल्ड डेव्हिस, लॉरेन्स डोनोव्हन, विल्यम बोगार्ट यांच्याही त्यात आहेत. पहिल्या अंकावर तर 'केनेथ रॉबर्ट्स' छापलंय. त्या नावाचा खराखुरा कादंबरीकार असल्याने दुसऱ्या अंकापासून ते बदललं. 1939 मध्ये 'द अ‍ॅव्हेंजर' हे मासिक आलं तेही रॉबसनच्याच नावाने, पण लिहिणारा पॉल अर्न्स्ट. तेव्हा 'छापलेलं नाव' आणि 'लिहिणारा' असे दोन वेगळे रकाने ठेवा. तारीख मूळ मासिकाचीच घ्या. 1964 पासून बँटम प्रकाशनाने पुन्हा छापलेल्या आवृत्त्यांचा क्रम मूळ क्रमाशी जुळत नाही, बहुतेक सूच्यांचा घोळ तिथेच होतो.

चौथा_अंक: आराखडा 6000 शब्दांच्या कथेचा आहे, कादंबरीचा नाही. 1500 शब्दांचे चार तुकडे. पहिल्याच ओळीत, निदान तिच्या जवळपास, नायक संकटात सापडायला हवा. पहिल्या तुकड्यात सगळी पात्रं येऊन जातात, शेवटाकडे हाणामारी आणि मग कलाटणी. दुसऱ्यात संकट वाढतं. तिसऱ्यात नायकाची जरा सरशी होते आणि शेवटी तोच पुरता तोंडघशी पडतो. चौथ्यात तो स्वतःच्या कसबाने किंवा ताकदीने सुटतो. नक्कल करणारे इथेच चुकतात: ऐनवेळी पोलीस आणून त्याला सोडवतात. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक मारामारी ठोशांचीच. एकदा ठोसे झाले की पुढच्या वेळी दुसरं काही हवं, हे डेंटने स्पष्ट बजावलंय.

जुनी_पानं: मग त्याची खरी लेखणी कुठे दिसते?

वाळवी: 1936 मध्ये 'ब्लॅक मास्क' या गुन्हेकथांच्या मासिकात आलेल्या, ऑस्कर सेल या नायकाच्या दोन कथांत. फक्त दोनच, पण वाक्यं तासून घेतलेली, डॉकचा भडकपणा औषधालाही नाही. 1946 पासून स्वतःच्या नावाने आलेल्या रहस्यकादंबऱ्याही सूचीत घ्या, रॉबसनच्या ढिगाऱ्यात त्या हमखास राहून जातात.